गीझरचा नॉब कितीवर ठेवावा आणि सोलरची कॉईल कधी बंद करावी

प्रश्न थोडक्यात असा: देवगडजवळच्या गावात घर, कायम राहणारी माणसं दोनच. न्हाणीघरात २५ लिटरचा, २ किलोवॅटचा गीझर. स्लॅबवर १०० लिटरचा सोलर आणि त्याच्या टाकीत विजेची कॉईल. गीझरचा नॉब कितीवर ठेवावा? गीझर सतत चालू ठेवला तर वीज कमी लागते असं वायरमन सांगतो, ते खरं का? आणि जून ते सप्टेंबर बिल इतकं का फुगतं?

उत्तर आधी देतो. नॉब ५५ ते ६० अंशांवर ठेवा. सतत चालू ठेवून वीज कमी लागत नाही, जास्तच लागते. पावसाळ्यातल्या बिलाचा दोष बहुधा गीझरचा नाही, वर स्लॅबवर चालू राहिलेल्या कॉईलचा आहे.

आता हिशेब. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात (हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट). किनारपट्टीवर टाकीतलं पाणी साधारण २६ अंशांचं धरू. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ते २१-२२ पर्यंत उतरतं आणि मे महिन्यात दुपारी काळ्या टाकीतलं पाणी अंगावर घेववत नाही इतकं तापतं. आंघोळीला ४० अंशांचं पाणी पुरतं. २० लिटरची बादली २६ वरून ४० वर न्यायला ०.३३ युनिट लागतं. दोघांना रोज ०.६६, महिन्याला सुमारे २० युनिट. गीझर कुठल्याही कंपनीचा असो आणि नॉब कुठेही असो, हे २० युनिट लागणारच. यांत बचत फक्त कमी पाणी घेऊन होते.

त्यावर जो खर्च येतो तो टाकीच्या अंगातून बाहेर जाणाऱ्या उष्णतेचा. टाकी आतून जितकी गरम आणि जितके तास गरम, तितकी गळती जास्त. वायरमनचं म्हणणं इथेच चुकतं. गार झालेली टाकी काही गमावत नाही, गरम टाकी चोवीस तास गमावत राहते. पुन्हा तापवायला लागणारी वीज मधल्या वेळात गमावलेल्या उष्णतेपेक्षा कधीच जास्त नसते.

गळती किती ते तुमच्या गीझरवरच लिहिलेलं असतं. स्टार लेबलवर ‘स्टँडिंग लॉस’चा आकडा असतो, तो २४ तासांचा, आणि आतलं पाणी व बाहेरची हवा यांत ४५ अंशांचा फरक धरून काढलेला. समजा तिथे ०.४ युनिट लिहिलंय. कोकणात हवाच २७ अंशांची, त्यामुळे नॉब ६० वर असेल तर फरक ३३ चा आणि गळती रोज ०.२९ युनिट. ७५ वर ठेवलात तर ०.४३, ५० वर ठेवलात तर ०.२. म्हणजे चांगला गीझर ६० वर चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला सुमारे ९ युनिट फुकट जातात. दोघांच्या आंघोळीच्या २० युनिटांवर हे ९. फार नाहीत, पण महावितरणचे दर टप्प्यांचे आहेत: १०० पर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, पुढे आणखी वर. वाया जाणारे युनिट नेहमी तुमच्या शेवटच्या, म्हणजे सगळ्यात महाग टप्प्यातले असतात. वापर ९५ युनिट असलेल्या घरात १५ युनिट वाढले तर त्यातले दहा वरच्या दराने लागतात.

लेबल पुसलं गेलं असेल किंवा गीझर जुना असेल तर घरीच तपासा. स्वयंपाकघरातला सुई असलेला डिजिटल थर्मामीटर चालतो. रात्री गीझर तापवा, दिवा विझला की स्विच बंद करा. नळातून अर्धा लिटर पाणी सोडून द्या (ते पाइपातलं असतं), मग स्टीलच्या तांब्यात पाणी घेऊन लगेच मोजा आणि आकडा लिहून ठेवा. दहा तासांनी, मधे पाणी न वापरता, तसंच पुन्हा मोजा. २५ लिटरच्या चांगल्या टाकीत ६० चे ५५-५६ होतात. ४८-५० वर आलं असेल तर टाकीभोवतीचा फोम ओला झाला आहे किंवा बसला आहे. ओला असेल तर बहुतेक वेळा आत पाण्याची बारीक गळती सुरू झालेली असते. खालच्या झाकणाच्या कडेला गंजाचा ओघळ दिसतो का बघा. अशा गीझरवर नॉब फिरवून काही साधत नाही.

नॉबवरच्या १-२-३-४ या आकड्यांवर किंवा निळ्या-लाल पट्टीवर विश्वास ठेवू नका. तेही असंच मोजून ठरवा. दिवा विझल्या विझल्या मोजलेलं तापमान हीच तुमची खरी सेटिंग. मग नॉबवर मार्कर पेनने खूण करा. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा आतला स्विच, बंद होतो त्या अंशाला लगेच पुन्हा चालू होत नाही, पाच-दहा अंश उतरल्यावर होतो. त्यामुळे दिवा विझलेला असतानाही पाणी कधी ५० चं मिळालं तर ती बिघाडाची खूण नाही.

बऱ्याच गीझरना बाहेर नॉबच नसतो. थर्मोस्टॅट खालच्या प्लास्टिकच्या झाकणाआड असतो आणि कारखान्यातून वरच्या टोकाला, ७०-७५ वर लावून येतो. तो उतरवायचा असेल तर एमसीबी पाडा, नुसता स्विच बंद करून हात घालू नका. जुन्या घरांत स्विच चुकून न्यूट्रलवर जोडलेला असतो, मग बंद गीझरमध्येही फेज जिवंत राहतो. टेस्टरने खात्री करा, झाकणाचे स्क्रू काढा. थर्मोस्टॅटच्या तोंडावर खाच असलेली चकती असते, तिच्यावरचा बाण पेचकसाने कमीच्या बाजूला थोडा फिरवा. शेजारी लहान बटण असतं ते थर्मल कट-आउटचं (पाणी फारच तापलं तर वीज तोडणारं), त्याला सेटिंगसाठी हात लावायचा नाही. ते उडलेलं असेल तर थर्मोस्टॅट चिकटला असण्याची शक्यता मोठी. बटण दाबून गीझर पुन्हा चालू करणं आणि विसरून जाणं, हा महागात पडणारा प्रकार आहे. वॉरंटी चालू असेल तर हे सगळं कंपनीच्या माणसाकडून करून घ्या.

आता ५५ ते ६० च का. विसण न घालता थेट आंघोळ करता येईल असं ४२-४५ वर लावावं, असा सल्ला पुष्कळ देतात. विजेच्या हिशेबाने तो चूक नाही, पण दोन अडचणी येतात. एक, पाणी पुरत नाही. ४५ वरच्या २५ लिटरांतून दीड बादलीच होते आणि दुसऱ्या माणसाला कोमट पाणी मिळतं. ५५ वर दोन बादल्या निघून थोडं उरतं, ६० वर तीन. दुसरी अडचण जिवाणूंची. २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला वाढतो आणि फवाऱ्यातून श्वासावाटे फुप्फुसात जाऊ शकतो. तांब्याने आंघोळ करणाऱ्याला धोका कमी, शॉवरखाली जास्त, वयस्करांना त्याहून जास्त. ६० अंशांवर तो थोड्या वेळात मरतो. म्हणून बाहेर नॉब असेल तर ५५ ठेवा आणि आठवड्यातून एकदा ६०-६५ पर्यंत तापवून नळ मिनिटभर सोडा. थर्मोस्टॅट झाकणाआड असेल तर दर आठवड्याला कोण उघडत बसणार. ६० वर कायम ठेवा आणि बचत स्विचवर करा.

६० च्या वर मात्र कारण नसताना जाऊ नका. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी भाजतं, ७० चं सेकंदभरात. मुलांची आणि म्हाताऱ्यांची कातडी पातळ, त्यांना त्याहून कमी वेळ लागतो. बादलीत आधी गार, मग गरम, हा क्रम घरातल्या सगळ्यांना लावून द्या.

स्विचवरची बचत अशी. गरम पाणी काढलं की तितकंच गार पाणी टाकीत शिरतं आणि एलिमेंट (पाणी तापवणारी कांडी) पुन्हा चालू होतं. शेवटच्या माणसाने बादली भरली, स्विच तसाच राहिला, की अख्खी टाकी पुन्हा ५५ वर जाते आणि दिवसभर कोणासाठी नाही अशी निवत बसते. म्हणून शेवटची बादली भरायच्या *आधी* स्विच बंद करायचा. आतलं गरम पाणी वरच्या थरात असतं, ते आधी बाहेर येतं, गार पाणी खाली राहतं. बादली पुरती भरते आणि टाकी जवळजवळ गार उरते. आंघोळी एकापाठोपाठ एक झाल्या तर हे जमतं. एक सहाला आणि दुसरा अकराला, असं असेल तर दोनदा वेगळं तापवलेलं परवडतं.

किती आधी चालू करावा? २५ लिटर २६ वरून ५५ वर न्यायला ०.८४ युनिट, म्हणजे २ किलोवॅटला २५ मिनिटं. पण ही २३० व्होल्टची गोष्ट. गावात फीडरच्या (वीजवाहिनीच्या) टोकाला संध्याकाळी व्होल्टेज १९० वर येतं, आणि एलिमेंटची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते. २ किलोवॅटचे १.३६ उरतात आणि २५ मिनिटांची ३७ होतात. युनिट तेवढेच लागतात, वेळ वाढतो. त्यामुळे टायमर लावणार असाल तर तो व्होल्टेज सगळ्यात कमी असतं तेव्हाच्या वेळेवर बेता आणि पाणी तापलं की नाही हे दिव्यावरून ओळखा. टायमर १६ अँपिअरचाच घ्या. साधा ६ अँपिअरचा टायमर प्लग २ किलोवॅटखाली वितळतो.

वायरिंगचं इथेच सांगून टाकतो. २ किलोवॅटला सुमारे ९ अँपिअर करंट जातो. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा पॉवर सॉकेट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) हवाच. खाऱ्या वाऱ्याने सॉकेटच्या पितळी पट्ट्या हिरव्या पडतात, पकड सैल होते आणि प्लगची पिन काळी पडू लागते. प्लग काढून हाताला गरम लागला तर सॉकेट बदला. जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की त्याचा उपयोगच उरत नाही. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत त्यात पाणी ओतत राहा आणि वर्षातून एकदा मीटर लावून तपासून घ्या.

आता पावसाळा. सोलरच्या १०० लिटर टाकीतली कॉईल थर्मोस्टॅटवर सोडून दिली की ती अख्खे १०० लिटर ६० वर नेते. पहिल्याच दिवशी ४ युनिट. तुम्हा दोघांना हवं ०.६६ युनिटाचं पाणी. पुढे रोज फक्त वापराची आणि गळतीची भरपाई होते खरी, पण स्लॅबवर वारा-पावसात उभी असलेली टाकी रात्रीत ८ अंश उतरली तर ०.९ युनिट गेलं. दिवसाही मळभात तीच गत. गळतीपायीच महिन्याला ५० युनिट सहज जातात, आंघोळीच्या खर्चाच्या अडीच पट. वर पाइपाचं वेगळं: स्लॅबपासून खालपर्यंत १२ मीटर पाऊण इंची पाइप असेल तर त्यात ३ लिटर पाणी मावतं. ते प्रत्येक वेळी आधी गार येतं म्हणून सोडायचं आणि नंतर तेवढंच गरम पाणी पाइपात निवायला ठेवायचं.

यात आणखी एक खोड आहे, ती ध्यानात येत नाही. कॉईल रात्री चालू राहिली तर सकाळी ऊन पडतं तेव्हा टाकी आधीच गरम असते. सूर्याला तापवायला काही उरतच नाही आणि उघडीप मिळालेला दिवसही वाया जातो. कॉईल लावायचीच असेल तर दिवस मावळल्यावर, दिवसभरात किती तापलंय ते मोजून, आणि गरजेपुरती. ऑटोवर कधीच नाही.

तुमच्याकडे खाली गीझर आहे, तेव्हा सरळ रस्ता असा: जूनच्या पहिल्या झडीला कॉईलचा एमसीबी पाडा आणि तो ऑक्टोबरपर्यंत उचलू नका. या काळात गीझरला थेट गार पाण्याच्या लाइनवर चालवा. प्लंबरकडून गीझरच्या इनलेटवर दोन बॉल व्हॉल्व्ह टाकून घ्या, एक सोलरच्या लाइनला, एक गार पाण्याच्या लाइनला. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात अर्धवट तापलेलं सोलरचं पाणी गीझरमधून आणून उरलेले पाच-दहा अंशच विजेने चढवता येतात. मार्च ते मे हा रस्ता बंद ठेवा. तेव्हा सोलरचं पाणी ७० च्या पुढे जातं आणि गीझरच्या इनलेटचा व्हॉल्व्ह व रबरी वॉशर इतक्या गरम पाण्यासाठी नसतात. सोलरच्या टाकीवरची हवेची उभी नळी कोणत्याही कारणाने बुजवू नका. पानं पडतात म्हणून तिला बूच मारलेलं पाहण्यात येतं, आणि मग पाणी काढताना पोकळी होऊन टाकी आत चेपते.

गीझर किती टिकेल आणि किती वीज खाईल, हे पाण्यावरही ठरतं. देशावरच्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात, तिथे एलिमेंटवर पांढरा थर चढतो. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ असतं, क्षार कमी, पण किंचित आम्ल. ते थर चढवत नाही, धातू खातं. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात आणि त्यातलं क्लोराइड साध्या स्टीलच्या टाकीला बारीक भोकं पाडतं. म्हणून किनाऱ्यालगत आतून काचेचा लेप असलेली टाकी घ्यावी आणि तिचा मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड वर्षातून एकदा काढून बघावा. हा रॉड टाकीऐवजी स्वतः झिजतो, त्याचं कामच ते. नवा अंगठ्याएवढा जाड असतो. झिजून आतली तार दिसू लागली किंवा जाडी निम्म्याखाली गेली की बदलायचा. मचूळ पाण्यात वर्षभरातही संपतो. नवा रॉड काही शे रुपयांत येतो, टाकी गेली की गीझरच गेला.

पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर कोमट, पडून राहिलेल्या पाण्यात जिवाणू आणि मॅग्नेशियम यांच्यामुळे तो येतो. टाकी ६५-७० वर दोन तास ठेवा आणि सगळं पाणी काढून टाका. वास परत परत आला तर अॅल्युमिनियम-झिंकचा रॉड लावून बघा. रॉड काढूनच टाकायचा, हा उपाय करू नका.

इनलेटच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब पडतात, त्याला बिघाड समजून पुष्कळ जण तिथे प्लग ठोकतात. २५ लिटर पाणी २६ वरून ६० वर गेलं की सुमारे ३५० मिलिलिटरने फुगतं, ते कुठूनतरी बाहेर यायलाच हवं. तोंडाला बारीक नळी लावून ती मोरीत सोडा. गीझर बंद असतानाही धार लागली असेल तरच व्हॉल्व्ह बदला.

गॅस गीझरचा विचार असेल तर तुलनेपुरतं: १४.२ किलोच्या सिलिंडरमधून ८० टक्के कार्यक्षमतेने वरच्यासारख्या सुमारे ४४० बादल्या निघतात, म्हणजे साधारण १४५ युनिट विजेएवढं काम. तुमचा सिलिंडरचा भाव आणि शेवटच्या टप्प्याचा युनिटचा दर यांवरून स्वस्त काय ते काढा. त्यावरचा जाळ कमी-जास्त करणारा समर-विंटर स्विच कोकणात बारा महिने समरवर (कमी जाळावर). टाकी नळापेक्षा तीनेक मीटर उंच नसेल तर तो पेटतच नाही, आणि कौलारू घरांत हीच अडचण येते. न्हाणीघराच्या आत तो बसवायचा नाही, खिडकी असली तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

परसात बंब असेल आणि नारळाची सोडणं (वरची सालं) व करवंट्या घरच्याच असतील, तर पावसाळ्यात त्याच्याशी कुठलंही यंत्र स्पर्धा करू शकत नाही. सोडणं मात्र मे महिन्यात वाळवून माळ्यावर चढवलेली हवीत. ओल्या सोडणाचा बराच जाळ स्वतःला वाळवण्यातच जातो.

गणपतीत घर भरतं तेव्हा एवढ्याच टाकीतून जास्त बादल्या काढायच्या असतात. त्या आठवड्यापुरता नॉब ७० वर न्या. ६० वर तीन बादल्या होतात, ७० वर जवळजवळ चार, विसण जास्त लागतं इतकंच. लहान मुलांच्या आंघोळी मोठ्यांनी स्वतः पाणी बघून घालाव्यात. पाहुणे गेले की नॉब खुणेवर परत आणा. नाहीतर तो दिवाळीपर्यंत तिथेच राहतो.

घर महिनाभर बंद राहणार असेल तर गीझर नुसता बंद करू नका, इनलेट मिटवून टाकी खालून रिकामी करा आणि एमसीबीला ‘टाकी रिकामी’ अशी चिठ्ठी लावा. रिकाम्या टाकीत एलिमेंट मिनिटाभरात जळतं. पाणी तसंच ठेवून गेलात, तर परत आल्यावर आधी गीझर चालू करू नका. मॅग्नेशियमच्या रॉडमुळे साचलेल्या पाण्यात थोडा हायड्रोजन तयार होऊन वर जमलेला असतो. खिडकी उघडा, जवळ काडी पेटवू नका, गरम पाण्याचा नळ सोडा. आधी फुसफुस हवा येते, मग तांबूस पाणी, मग स्वच्छ. सलग धार लागल्यावर स्विच चालू करा, ६५ पर्यंत तापवा, एक टाकीभर पाणी सोडून द्या आणि मग वापरायला घ्या.